डिस्चार्ज कार्डानंतरचे वाचन

2024 च्या जुलै महिन्यात माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, 73 व्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि बारा दिवसांनी रुग्णालयातून सुटका होऊन ते ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या घरी परतले. इमारत जुनी, उद्वाहन नाही, घर दुसऱ्या मजल्यावर. त्यामुळे भर पावसात वॉचमन आणि सोसायटीतली दोन मुले यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणले. त्यांचा डावा हात आणि डावा पाय जवळजवळ हलत नव्हता. रुग्णालयाने दिलेले डिस्चार्ज कार्ड चार पानांचे होते. त्यातली साडेतीन पाने तपासण्यांचे आकडे आणि गोळ्यांच्या वेळा यांनी भरली होती, आणि शेवटी दोन ओळी होत्या: फिजिओथेरपी चालू ठेवणे, गिळताना काळजी घेणे. पुढचे सहा महिने आमचे सगळे घर ज्या दोन ओळींभोवती फिरणार होते, त्या समजावून सांगायला तिथे कोणालाही पाच मिनिटांहून अधिक वेळ मिळाला नव्हता.

मी नौपाड्यातल्या एका पतसंस्थेत अंतर्गत तपासणीचे काम करते. व्हाउचरवर सही कोणाची, तारीख कोणती, मूळ पावती जोडली आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय पुढचे पान उलटायचे नाही, ही पंचवीस वर्षांची सवय आहे. घरी आल्यावर पहिल्या रात्री मात्र ती सवय कुठे गेली, ते मला कळले नाही. अण्णा झोपल्यावर मी मोबाइलवर ‘पक्षाघात उपाय’ असे दोन शब्द लिहिले आणि जे समोर आले ते पहाटे दोनपर्यंत वाचत राहिले. मोहरीच्या तेलात लसूण कढवून मालीश, एकवीस दिवसांत हात उचलण्याची हमी, कुठल्याशा गावातले वैद्य आणि त्यांचा वार. त्यातच एक व्हिडिओ होता. दाराच्या चौकटीवरून दोरी टाकायची, तिचे एक टोक निकामी हाताला बांधायचे, दुसरे टोक चांगल्या हाताने ओढायचे आणि अशा रीतीने निकामी हात डोक्यावर वर-खाली करायचा. लाखो लोकांनी तो पाहिला होता, खाली आभार मानणाऱ्यांची रांग होती, आणि यंत्रासारखी साधी ती युक्ती पाहून मला हायसे वाटले. दुसऱ्या दिवशी मी वाळत घालण्याची नायलॉनची दोरी आणून ती बसवली.

चार दिवस आम्ही हा व्यायाम इमानेइतबारे केला. पाचव्या रात्री अण्णा खांदेदुखीने झोपले नाहीत. सहाव्या दिवशी घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टची पहिली भेट होती. त्या तिशीच्या असाव्यात. त्यांनी आत येताच दोरीकडे पाहिले, पण लगेच काही बोलल्या नाहीत. अण्णांना खुर्चीत नीट बसवून त्यांनी आधी उजवा खांदा चाचपला, मग डावा, आणि मला म्हणाल्या, “ताई, इथे बोट ठेवा.” खांद्याच्या वरच्या हाडाची कड संपते तिथे, दंडाच्या हाडाच्या डोक्यावर, माझे बोट सहज आत रुतले. तिथे एक खाच होती. उजवीकडे ती नव्हती. त्यांनी समजावले ते असे: खांद्याची खोबण उथळ असते, आणि दंडाच्या हाडाचे गोल डोके तिथे मुख्यतः स्नायूंच्या जोरावर टिकून राहते, स्नायू लुळे पडले की हाताच्याच वजनाने ते खाली सरकते. अशा हाताला दोरीने वर ओढले, तर खांद्याचे पाते त्याच्याबरोबर फिरत नाही आणि मधल्या ऊती चिमटल्या जातात. “काकांचा हात उशीवर टेकवून ठेवा, आणि उठवताना त्या हाताला धरून ओढू नका,” एवढे सांगून त्यांनी दोरी स्वतःच सोडवली. मग दिव्याच्या बिलाच्या पाकिटावर इंग्रजीत दोन शब्द लिहून दिले, ‘शोल्डर सब्लक्सेशन’, म्हणजे खांद्याचे हाड खोबणीतून अर्धवट सरकणे, आणि म्हणाल्या, “तुम्हाला वाचायचेच असेल तर हे लिहून शोधा.”

त्या रात्री मी ते दोन शब्द टाकले तेव्हा जणू दुसरेच इंटरनेट उघडले. तेल नव्हते, हमी नव्हती. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेली, प्रौढांच्या पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनाची मार्गदर्शक तत्त्वे सापडली, आणि त्यांत खांदेदुखीच्या प्रकरणात स्पष्ट लिहिले होते की डोक्यावरून कप्पीने हात ओढण्याचे व्यायाम करू नयेत. म्हणजे मी चार दिवस जे केले ते करू नये, हे आठ वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले होते, कोणालाही फुकट वाचता येत होते, आणि तरीही ‘पक्षाघात उपाय’ या शब्दांनी ते मला कधीच सापडले नसते.

मग मी एक वही घातली. डाव्या बाजूला डिस्चार्ज कार्डावरचा किंवा फिजिओच्या तोंडचा इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूला आपल्या घरात ती गोष्ट कशी दिसते, त्याचे वर्णन. हेमिपॅरेसिस म्हणजे एका बाजूचा अशक्तपणा. स्पास्टिसिटी म्हणजे लुळ्या हातात पुढे येणारा ताठरपणा. डिस्फेजिया म्हणजे गिळण्याचा त्रास, म्हणजेच अण्णांना पाणी पिताना लागणारा ठसका. प्रत्येक शब्दाचा प्राथमिक अर्थ मी मेडलाइनप्लसवर पाहत असे. हे संकेतस्थळ अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचे असून ते 1998 पासून चालू आहे, त्यावर जाहिराती नसतात, आणि त्याचे इंग्रजी शाळेत शिकलेल्या माणसाला कळेल इतके सोपे आहे. सामान्य आरोग्याच्या कोणत्याही प्रश्नासाठी, रक्तदाबाच्या गोळीपासून मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गापर्यंत, मी आजही पहिल्यांदा तिथेच जाते.

या वहीतला सर्वांत उपयोगी शब्द कार्डावर होता, पण तो कोणी आम्हाला वाचून दाखवला नव्हता. ‘लेफ्ट नेग्लेक्ट’ असे तिथे लिहिलेले होते. मला वाटले, डाव्या बाजूच्या उपचारात हयगय झाली असे काहीतरी असेल. इकडे आई रोज रडवेली होत होती, कारण ताटातली चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड यांना अण्णा हातच लावत नव्हते. भाजी-आमटी संपायची आणि डाव्या बाजूचे सगळे तसेच राहायचे. तोंडाची चव गेली असावी, असे समजून आई रोज नवी चटणी वाटत होती. नेग्लेक्टचे वर्णन वाचताना मला ते ताट डोळ्यांसमोर दिसले. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की कित्येकदा डोळे चांगले असूनही डाव्या बाजूचे जग मनाच्या नोंदीतच येत नाही. मी स्वयंपाकघरात गेले, अण्णांचे ताट अर्धे फिरवले, आणि त्यांनी चटणी खाल्ली. आमटी मात्र राहिली.

या नेग्लेक्टवर काय करावे हे शोधताना माझी कोक्रेनशी गाठ पडली. 1993 मध्ये सुरू झालेली ही आंतरराष्ट्रीय संस्था एखाद्या उपचाराबद्दल झालेले सगळे प्रयोग गोळा करते, त्यांची छाननी करते आणि एकत्र निष्कर्ष मांडते. प्रत्येक आढाव्याबरोबर सामान्य वाचकासाठी साध्या भाषेतला सारांश दिलेला असतो. नेग्लेक्टवरच्या औषधाविना उपचारांचा त्यांचा आढावा 2021 मधला होता, आणि त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते की कोणता उपचार खरोखर उपयोगी पडतो हे आजवरच्या पुराव्यावरून खात्रीने सांगता येत नाही. मी निराश झाले, हे कबूल करते. पण तपासणीच्या कामात मला एक गोष्ट नेहमी जाणवली आहे: ज्या शाखेच्या हिशेबात एकही खाडाखोड नसते, तिथे मी अधिक बारकाईने पाहते. ज्या पानावर ‘अजून माहीत नाही’ असे लिहिण्याची तयारी आहे, त्या पानावरच्या ‘माहीत आहे’ला मी त्यानंतर जास्त वजन देऊ लागले. रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या व्यवसायोपचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने आम्ही टेबलाच्या डाव्या कडेला लाल रंगाची चिकटपट्टी लावली आणि प्रत्येक घासाआधी नजर त्या पट्टीपर्यंत न्यायची, असा परिपाठ ठेवला. त्याने फरक पडला की नुसत्या दिवसांनी, हे मला सांगता येणार नाही.

हळूहळू संकेतस्थळ तपासण्याची माझी रीत बसली, आणि ती पतसंस्थेतल्या रीतीहून फार वेगळी नव्हती. लिहिणारा कोण, त्याची पात्रता काय, पान शेवटचे कधी तपासले, म्हणण्याला आधार कुठला, आणि या सगळ्याचा खर्च कोण करतो. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत. मी एका चांगल्या दिसणाऱ्या पानावर पक्षाघातानंतरच्या चालण्याबद्दल बरेच वाचले आणि तळाशी गेल्यावर समजले की ते पायाला लावायचे विजेचे उपकरण विकणाऱ्या कंपनीचे आहे. मजकूर खोटा नव्हता. फक्त त्या उपकरणाखेरीज दुसरा मार्ग असू शकतो, हे त्यात कुठेही नव्हते.

शिक्क्यांनीही मला फसवले. कित्येक आरोग्यविषयक संकेतस्थळांच्या तळाशी ‘हॉनकोड’ असे छोटे चिन्ह दिसते. जिनिव्हातल्या हेल्थ ऑन द नेट या संस्थेने नव्वदच्या दशकात ही मानांकन पद्धत सुरू केली होती आणि एके काळी तिला मोठा मान होता. पहिले काही आठवडे मी ते चिन्ह पाहून निश्चिंत होत असे. नंतर कळले की त्या संस्थेने डिसेंबर 2022 मध्येच आपले काम कायमचे थांबवले आहे. म्हणजे आज जे चिन्ह दिसते ते मुदत संपलेल्या परवान्यासारखे. दुकानदार वाईटच असेल असे नाही, पण भिंतीवरच्या त्या चौकटीवर विसंबण्यात अर्थ नाही.

तारखेचे महत्त्व मला माझ्या धाकट्या भावामुळे पटले. तो पुण्याला असतो आणि दूर असल्याच्या बोचणीपोटी रोज काही ना काही पाठवतो. एकदा त्याने एक लेख पाठवला, ज्यात फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या जुन्या, स्वस्त गोळीने लुळ्या हातापायांत बळ येते असे लिहिले होते. तो भाकड नव्हता, ही त्यातली गोम. आधार म्हणून 2011 च्या फ्रान्समधल्या प्रयोगाचा उल्लेख होता, जो खरोखर झालेला, नामांकित नियतकालिकात छापलेला आणि 118 रुग्णांवर केलेला होता, आणि त्यात गोळी घेणाऱ्यांची हालचाल अधिक सुधारलेली आढळली होती. “तायडे, डॉक्टरांना का नाही विचारत? दहा रुपयांची गोळी आहे,” असे भाऊ फोनवर म्हणाला, तेव्हा त्याच्या आवाजात थोडा आरोपही होता. मी पबमेडवर तो मूळ प्रयोग शोधला. पबमेड ही वैद्यकीय शोधनिबंधांची अमेरिकन सूची आहे आणि तिथे प्रत्येक नोंदीखाली तिचा उल्लेख पुढे कोणकोणत्या निबंधांनी केला, याची यादी मिळते. त्या यादीतून पुढे सरकत मी 2018 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘फोकस’ या प्रयोगापर्यंत पोहोचले. त्यात 3,127 रुग्ण होते, आणि गोळी घेणारे व न घेणारे यांच्यात सहा महिन्यांनंतर कामकाजाच्या क्षमतेत फरक दिसला नाही. नैराश्य थोडे कमी झाले. पण हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. आधीच तोल जाणाऱ्या माणसाला ही किंमत लहान नव्हती. भावाला मी दोन्ही दुवे पाठवले. त्याचे उत्तर दोन दिवस आले नाही, मग फक्त ‘बरं’ असे आले.

सर्वांत मोठा धक्का मात्र मला एका भारतीय प्रयोगाने दिला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची ऑक्टोबर 2023 ची मार्गदर्शिका मी वाचली होती; तिच्यात पक्षाघातानंतर गरजेनुसार दिवसाला किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस पुनर्वसनाचे उपचार द्यावेत, अशी शिफारस आहे. आमच्याकडे फिजिओ येत होत्या आठवड्यातून तीनदा, पाऊण तास, आणि तेवढ्याचे पैसे उभे करतानाच आमची ओढाताण होत होती. उरलेले तास मी आणि आई भरून काढू, असा हिशेब मी मनाशी केला होता. मग ‘अटेंड’ या नावाचा प्रयोग समोर आला. भारतातल्या 14 रुग्णालयांत, 1,250 रुग्णांवर केलेला, आणि 2017 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला. प्रश्न अगदी माझाच होता: घरातल्या माणसाला शिकवून त्याच्याकडून पुनर्वसनाचे व्यायाम करून घेतले तर रुग्णाला लाभ होतो का? सहा महिन्यांनी मृत्यू पावले किंवा परावलंबी राहिले, अशांचे प्रमाण घरच्यांना शिकवलेल्या गटात 47 टक्के आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातही 47 टक्केच होते.

मी लॅपटॉप मिटला आणि बराच वेळ गॅलरीत उभी राहिले. रोज पहाटे पाचला उठून, कार्यालयात जायच्या आधी मी जे करत होते, ते सगळे व्यर्थ होते की काय?

या प्रश्नाचे उत्तर कुठल्याही पानावर नव्हते, आणि ते विचारायला योग्य माणूस कोण, हेही मला तोवर माहीत नव्हते. वाचता वाचताच कळले होते की ‘फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन’ अशी वैद्यकाची स्वतंत्र शाखा आहे, तिचे एमडी डॉक्टर असतात, आणि फिजिओथेरपी हा त्यांच्या हाताखालच्या अनेक उपचारांपैकी एक भाग असतो. मुंबईत हाजी अलीजवळ या शाखेची केंद्र सरकारची संस्था 1955 पासून आहे. महालक्ष्मीला मावशीकडे जाताना मी त्या फाटकासमोरून शंभर वेळा तरी गेले असेन, आणि आत हाडांचे रुग्णालय असावे असे समजत आले. ठाण्यात एका पुनर्वसन तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळाली. मी ‘अटेंड’च्या निबंधाची छापील प्रत पुढे केली. ती पाहून ते रागावतील अशी मला भीती होती. उलट त्यांनी ती वाचली. म्हणाले, “यात काय मोजलं ते बघा. शिकवलेल्या सगळ्या कुटुंबांची सरासरी आणि न शिकवलेल्यांची सरासरी. दुसऱ्या गटालाही नेहमीचे उपचार मिळतच होते. घरच्यांनी काही करू नये असं यातून निघत नाही. तज्ज्ञाची जागा घरच्यांच्या शिकवणीने भरून निघेल, ही आशा खरी ठरली नाही, एवढंच निघतं.” मग त्यांनी विचारले की मी रोज नेमके काय करून घेते. मी वही दाखवली. अठरा व्यायाम होते. त्यांनी त्यांतले अकरा खोडले आणि लिहिले: खुर्चीतून उठणे आणि बसणे, दिवसातून पाच वेळा, मोजून, न्हाणीघरापर्यंत चालणे, शर्टाची बाही आधी डाव्या हातात. “रोज जे लागतं तेच पुन्हा पुन्हा करायचं,” असे ते म्हणाले. तेव्हापासून मी पहाटे पाचला उठणे बंद केले.

फिजिओथेरपीच्या प्रयोगांसाठी त्यांनीच मला पेड्रोचे नाव सांगितले. 1999 पासून ऑस्ट्रेलियातून चालवली जाणारी ही मोफत सूची आहे, तिच्यात 60 हजारांहून अधिक नोंदी आहेत आणि प्रयोग किती काटेकोरपणे केला याचे दहापैकी गुण प्रत्येकाला दिलेले असतात. आठ गुण पाहिले की उपचार चांगला, असे मी सुरुवातीला समजत असे. गुण प्रयोगाच्या बांधणीला असतात. उपचार उपयोगी पडला नाही, हेही आठ गुणांचा प्रयोग सांगू शकतो.

गिळण्याच्या प्रश्नाने मात्र आम्हाला वाचनातून थेट ओट्यापाशी नेले. पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होण्याचा धोका असल्यामुळे बोलणे आणि गिळणे यांवर उपचार करणाऱ्या वाचोपचार तज्ज्ञांनी अण्णांना तपासून सांगितले होते की पाणी, चहा, ताक, सगळे ‘लेव्हल टू’पर्यंत दाट करून द्यायचे. दाट म्हणजे किती? आईच्या मते दाट म्हणजे पिठल्यासारखे, माझ्या मते कढीसारखे, आणि दुपारी मदतीला येणाऱ्या मावशी आपल्या अंदाजाने करत. आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धतीच्या संकेतस्थळावर याचे उत्तर सापडले आणि ते इतके साधे होते की मला हसू आले. पदार्थांचे शून्यापासून सातपर्यंत आठ स्तर. द्रवांसाठी दहा मिलिलिटरची, सुई नसलेली सिरिंज. तिच्या टोकावर बोट धरून ती दहाच्या रेषेपर्यंत भरायची, बोट काढायचे, दहा सेकंदांनी पुन्हा धरायचे आणि आत किती उरले ते पाहायचे. एक ते चार मिलिलिटर उरले तर स्तर एक, चार ते आठ उरले तर स्तर दोन, आठच्या वर उरले तर तीन. सगळ्या सिरिंजा सारख्या नसतात, म्हणून शून्य ते दहा या रेषांमधले अंतर 61.5 मिलिमीटर आहे ना, हे आधी पट्टीने मोजायचे. गोखले रोडवरच्या औषधाच्या दुकानात मी कंपासपेटीतली पट्टी घेऊन गेले, तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले.

पहिल्या संध्याकाळी ओट्यावर पाच वाट्या मांडून आम्ही सगळ्यांची परीक्षा घेतली. ताक पूर्ण वाहून गेले. आमटीचे वरचे पाणी तसेच. पावडर घालून दाट केलेल्या पाण्याचे सहा मिलिलिटर उरले, म्हणजे बरोबर. नाचणीच्या पेजेने मात्र गंमत केली. गरम असताना पाच मिलिलिटर उरले. म्हणून आईने वाटी अण्णांपुढे नेली, ते सावकाश पिणार, हे ओळखून मी वीस मिनिटांनी त्याच वाटीतली पेज पुन्हा मोजली, तर एक थेंबही खाली पडला नाही. निवता निवता ती दोनवरून तीनच्याही पुढे गेली होती. वाचोपचार तज्ज्ञांना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या की वाढण्याच्या वेळी आणि संपण्याच्या वेळी, दोन्हीदा मोजा, आणि पेज थोडी थोडी करून गरमच द्या. आईने सिरिंजला ‘पेजेची पिचकारी’ असे नाव दिले आणि तिची जागा कायमची चमच्यांच्या कप्प्यात झाली.

या काळात शेजारपाजाऱ्यांचा जिव्हाळाही सांभाळायचा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मूळपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, उपचाराची एक देखणी पुस्तिका आणून दिली. खर्च लाखांत होता, आणि ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीमध्ये नोंद’ असे तीत ठळक छापले होते. माणसांवर होणाऱ्या उपचारांच्या प्रयोगांची ही नोंदणी भारतात 2007 पासून आहे आणि कोणालाही उघडून पाहता येते. पण प्रयोगाची नोंद होणे म्हणजे उपचार मान्य होणे नव्हे, आणि खऱ्या प्रयोगात सहभागी होणाऱ्याने प्रायोगिक उपचाराचे पैसे मोजायचे नसतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांखेरीज मूळपेशींचा इतर कोणताही वापर प्रायोगिकच मानला जातो. काकूंना हे सगळे सांगितले नाही. पुस्तिका ठेवून घेतली, चहा दिला.

माणसांचीही नोंद पाहता येते, हे मला उशिरा कळले. डॉक्टरांचे नाव राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत, वाचोपचार तज्ज्ञांचे भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत, आणि फिजिओथेरपिस्टचे राज्याच्या परिषदेकडे. आमच्या फिजिओला मी नोंदणी क्रमांक विचारला तेव्हा मला ओशाळल्यासारखे झाले. त्यांनी पिशवीतून ओळखपत्र काढून दिले आणि म्हणाल्या, “दोन वर्षांत तुम्ही पहिल्याच.”

मराठीत मात्र यातले फारच थोडे आहे, आणि याचा मला राग आहे. आईला इंग्रजी येत नाही. अण्णांबरोबर दिवसाचे दहा तास तीच असते. म्हणून मी दर रविवारी एका विषयावर एक पान मराठीत लिहून काढते. अक्षर मोठे, वाक्ये छोटी, खाली कुठून घेतले आणि कधी वाचले त्याची नोंद. ते पान आधी फिजिओंच्या हाती जाते. एकदा त्यांनी बोटे सरळ करण्याच्या ताणाबद्दलचा अख्खा परिच्छेद आडव्या रेघेने खोडला आणि समासात लिहिले, ‘बरोबर आहे, पण काकांना आत्ता नाही.’ ते पान आईने तसेच फ्रिजवर लावले आहे, रेघेसकट.

गेल्या महिन्यात वाचोपचार तज्ज्ञांनी फेरतपासणी करून अण्णांना साधा, पातळ चहा पिण्याची परवानगी दिली. आता त्यांचा कोपर आखडू लागला आहे, आणि सकाळी मूठ उघडावी तर तळव्यात नखांचे चार ठसे दिसतात. स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनांबद्दल मी तीन रविवार वाचते आहे. गुरुवारी डॉक्टरांची वेळ आहे आणि वहीत तीन प्रश्न लिहून ठेवले आहेत: ताठरपणा कमी झाल्यावर हाताचा वापर वाढतो, की फक्त हात धुणे आणि नखे कापणे सोपे होते, परिणाम किती महिने टिकतो आणि मग पुन्हा किती खर्च, आणि इंजेक्शनानंतर व्यायाम कोणते वाढवायचे. अण्णांनी काल चौथा प्रश्न सांगितला, तोही मी लिहून घेतला: “जिना कधी उतरता येईल ते विचार. तलावपाळीला जायचं आहे.”